ड्रॅग रेसर पुढे गिअरबॉक्स डिझायनर झाला, असं कुणाचं उदाहरण आहे का? आणि रेसिंगचा त्याला नेमका काय उपयोग झाला?

आहे. अमेरिकेतला डग नॅश. मी गेली १६ वर्षं पिंपरीत गिअरबॉक्स डिझाइनचं काम करतोय आणि या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नॅश साठच्या दशकात ड्रॅग रेसिंग करायचा, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत गाडी पळवण्याची शर्यत. फोर्ड ब्रॉन्कोच्या रूपातली त्याची ‘ब्रॉन्को बस्टर’ ही फनी कार गाजली होती. फनी कार म्हणजे वरून कंपनीच्या गाडीसारखी दिसणारी, आतून पूर्ण रेसची. पुढे त्याने स्वतःच्या नावाने गिअरबॉक्स बनवायला सुरुवात केली आणि त्याचा ‘फोर प्लस वन’ हा पाच गिअरांचा बॉक्स रेसिंगवाल्यांत नावारूपाला आला.

आता उपयोग काय झाला ते. ड्रॅग रेस परंपरेने पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटर. ताशी २०० किलोमीटरला गाडी असताना गिअर बदलण्यात दोन दशांश सेकंद गेले, तर तेवढ्यात गाडी ११ मीटर इंजिनाच्या ओढीशिवाय जाते. शिवाय गिअर वर टाकला की इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) पडतात आणि ते पुन्हा चढेपर्यंत गाडी मनासारखी ओढत नाही. आम्ही हा उतार आलेखावर बघतो. ज्याने गाडी चालवली, त्याला तो पाठीला कळतो: सीट मागून रेटत असते ती एकदम सैल पडते.

फोर प्लस वनच्या गुणोत्तरांचा (बॉक्समधून बाहेर एक फेरा पडायला इंजिनाचे किती फेरे लागतात) एक प्रचलित संच बघा: ३.२७, २.१३, १.५७, १.२३ आणि १.००. प्रत्येक गिअर ७००० आरपीएमला बदलला, तर इंजिन पहिल्यांदा साधारण ४५६० वर येतं, मग ५१६०, मग ५४८०, आणि शेवटी ५६९०. वेग वाढेल तशी हवा गाडीला जास्त अडवते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन जोमात राहील अशी पायऱ्यांची मांडणी आहे. पहिला गिअर मात्र चांगला तगडा, कारण उभी गाडी उचलायची असते. त्या काळच्या चार गिअरांच्या बॉक्सला हे दोन्ही एकदम जमायचं नाही. पहिला तगडा ठेवला की पुढच्या पायऱ्या लांब पडायच्या. पाचवा गिअर सरळ एकास एक, त्यात ताकद दातांवरून न जाता थेट आरपार जाते. मला ही मांडणी आजही सुंदर वाटते.

दुसरी गोष्ट मोडण्याची. माझ्या टेबलावर तुटलेले दोन गिअर कायम ठेवलेले असतात. एकाच्या दाताच्या मुळाशी शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा आहेत; तो थकून, थोडा थोडा चिरत तुटला. दुसऱ्याचा तुटलेला भाग सगळीकडे सारखाच दाणेदार आहे. तो एका फटक्यात गेला. रस्त्यावरच्या गाडीत मला बहुधा पहिला भेटतो. ड्रॅग रेसिंगवाल्याला दुसराच, कारण क्लच सोडताक्षणी सगळी ताकद दातांवर आदळते.

आणि तिथे मोडणं म्हणजे नुसतं नुकसान नसतं. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या ड्रॅग रेसरच्या ड्रॅगस्टरचा (ड्रॅग रेससाठीच बनवलेली लांबट गाडी) दोन गिअरांचा ट्रान्समिशन फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. तेव्हा ड्रायव्हर इंजिनाच्या मागे बसायचा, म्हणजे फिरणारी सगळी यंत्रणा त्याच्या पायांशीच. गार्लिट्सने नंतर इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेलं, १९७१ ला तीच गाडी घेऊन पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी ड्रॅग स्पर्धा जिंकली, आणि काही वर्षांतच टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गातले बाकीचेही त्याच्या मागोमाग गेले. आम्ही सुरक्षेसाठी काही पट जास्तीची ताकद धरतो आणि पुढच्या ओळीवर जातो. तो आकडा किती ठेवायचा हे ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर हा अपघात येतो.

पण रेसिंगमधलं सगळंच रस्त्यावर कामाला येतं असं नाही, हेही नॅशच्याच कामात दिसतं. १९८४ च्या कॉर्व्हेट या शेवरलेच्या स्पोर्ट्स कारला त्याचा ‘फोर प्लस थ्री’ आला. साध्या चार गिअरांच्या बॉक्समागे एक ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, जो दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला कॉम्प्युटरच्या हुकमाने लागायचा. हेतू इंधन वाचवण्याचा. कल्पना हुशारीची होती, पण हाताने एक गिअर टाकायचा आणि मागे दुसरंच काही आपोआप बदलायचं, हे अनेक ड्रायव्हरांना रुचलं नाही. १९८९ ला त्याच्या जागी झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गिअरांचा बॉक्स आला. काही सेकंदांच्या नव्हे, तर दहा-वीस वर्षांच्या वापरासाठी डिझाइन करायचं असेल, तर ट्रॅफिकमध्ये रोज शंभरदा गिअर टाकणाऱ्या माणसाचा हात कसा दमतो हे माहीत लागतं. ते ड्रॅग स्ट्रिपवर शिकता येत नाही.

तुम्ही स्वतः या वाटेचा विचार करत असाल, तर आधी एखाद्या गॅरेजमध्ये तीन-चार गिअरबॉक्स स्वतः उघडून पुन्हा जोडा. आणि तुटलेले दात टाकून देऊ नका.