अवघड इंग्रजी शब्द पाठ करतो, पण लिहिताना एकही आठवत नाही. शब्दसंग्रह वाढवायचा कसा?

प्रश्नावरून तुमची अडचण अशी दिसते: शिक्षण मराठी माध्यमातून, ऑफिसात इंग्रजी निभावून जातं, पण मेल लिहायला बसलं की 'गुड', 'व्हेरी', 'इम्पॉर्टंट' यांच्यापुढे गाडी सरकत नाही. म्हणून मोबाइलवरच्या यादीतून रोज दहा शब्द पाठ करताय. लोकांनी इंग्रजीत लिहिलेले अहवाल तपासणं हेच माझं काम आहे, तेव्हा स्पष्ट सांगतो: ती यादी आधी बंद करा.

असल्या याद्यांमध्ये बराचसा माल जुन्या जीआरईचा, म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी देतात त्या परीक्षेचा असतो. तिच्यात विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न यायचे. २०११ साली ते काढून टाकले, याद्या मात्र अजून फिरताहेत. 'पल्क्रिट्यूड' (सौंदर्य) हा शब्द तुम्ही कुठल्या मेलमध्ये घालणार आहात?

यादीच हवी असेल तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' घ्या, नेटवर फुकट मिळते. न्यूझीलंडमधल्या या संशोधक बाईंनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांमधला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासला आणि सगळीकडे पुन्हा पुन्हा येणारी ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक कूळ) २००० साली प्रसिद्ध केली. 'कन्सिस्टंट', 'इन्हेरंट', 'सब्सिक्वंट', 'ऑल्बीट' अशी मंडळी. वाचताना यातले बरेच ओळखीचे वाटतील आणि गोम तिथेच आहे. ओळख आहे, पण लिहिताना हाताशी येत नाहीत. तुमची खरी कमाई या अर्धवट ओळखीच्या शब्दांतच आहे.

डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ अशी वही करू नका. शब्दाबरोबर त्याचे सोबती लिहा. 'मिटिगेट' घ्या. 'तीव्रता कमी करणे' एवढ्यावर भागवलं की माणूस खुशाल 'मिटिगेट द प्राइस' लिहितो. व्याकरणात खोट काढता येत नाही, पण असं कोणी म्हणत नाही. मिटिगेट होते ती नकोशी गोष्ट: रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट. किमतीसाठी साधा 'रिड्यूस' आहे. कोर्टाच्या बातम्यांत 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस' भेटेल, म्हणजे शिक्षा ठरवताना गुन्हेगाराच्या बाजूने धरायच्या गोष्टी. आणि कोणी 'मिटिगेट अगेन्स्ट' लिहिलं असेल, तर त्याला बहुधा 'मिलिटेट अगेन्स्ट' (एखाद्या गोष्टीच्या आड येणं) म्हणायचं होतं. हा घोटाळा जन्माने इंग्रज असलेलेही करतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. एकेका शब्दाला अशी अर्ध्या पानाची जागा द्या. दिवसाला दहा होणार नाहीत. आठवड्याला पाच झाले तरी पुष्कळ.

सोबती शोधायला इंग्रजी-मराठी कोश अपुरा पडतो. ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश घ्या, नाहीतर कॉलिन्सचा कोबिल्ड. १९८७ साली निघालेल्या कोबिल्डमध्ये अर्थच पूर्ण वाक्यात दिलेला असतो, त्यामुळे कोण कशाला काय करतं ते आपोआप कळतं.

उजळणीसाठी अँकी हे कार्डांचं ॲप पुरे. फक्त कार्डावर सुटा शब्द नको, रिकामी जागा ठेवलेलं वाक्य टाका.

राहिलं वाचन. अग्रलेख वाचा असं सगळेच सांगतात. मी म्हणेन, तुमच्या कामाच्या विषयातलं वाचा. बँकेत असाल तर रिझर्व्ह बँकेचं पतधोरणाचं निवेदन. साधारण दर दोन महिन्यांनी तेच विषय येतात आणि तेच शब्द त्याच सोबत्यांसह पुन्हा भेटतात. एक परिच्छेद वाचा, कागद उलटा ठेवा, तोच मजकूर आपल्या इंग्रजीत लिहा आणि मुळाशी ताडून बघा. जिथे तुमचं वाक्य दोन ओळी लांबलं आणि त्यांनी एका शब्दात काम उरकलं, तो शब्द वहीत घ्या.