रंगविचार : वाचकांचे प्रश्न
भिंतीशी बोलणाऱ्या शर्लीची बाजू आपण का घेतो?

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमात ब्रिटिश नाटककार विली रसेल यांचे ‘शर्ली व्हॅलेंटाइन’ हे एकपात्री इंग्रजी नाटक आहे. शर्लीचा नवरा कमावता आहे, मुले मोठी झाली आहेत, घरात कशाची ददात नाही. तरीही नवऱ्याला न सांगता ग्रीसला जायला निघालेल्या या बेचाळीस वर्षांच्या गृहिणीची बाजू प्रेक्षक अगदी सुरुवातीपासून घेतो. नाटककाराने हे कोणत्या तंत्राने साधले आहे? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही जी अडचण मांडली आहे, तीच रसेल यांच्या तंत्राची किल्ली आहे. दारुडा नवरा, छळणारी सासू, दुर्धर आजार असे काही हाताशी असते, तर प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणणे अवघड नव्हते. परंतु कीव करणारा प्रेक्षक पात्राकडे नेहमी थोडा वरून पाहत असतो, आणि रसेल यांना तो शर्लीच्या बरोबरीने बसलेला हवा आहे. म्हणून १९८६ साली लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये पहिल्यांदा सादर झालेल्या या नाटकात त्यांनी तिचे दुःख दाखवण्याऐवजी तिची सोबत आपल्याला दिली.

पडदा उघडतो तेव्हा शर्ली स्वयंपाकघरात नवऱ्यासाठी अंडी आणि बटाट्याच्या चिप्स करत असते, जवळ वाइनचा पेला असतो आणि ती भिंतीशी बोलत असते. घरात ऐकून घेणारे कोणीही उरलेले नाही, हे ती एकदाही तक्रारीच्या सुरात सांगत नाही, कारण त्या भिंतीमुळे ते आपल्याला न सांगताच समजलेले असते. भिंतीला कान असतात असे आपण म्हणतो. येथे ते कान प्रेक्षकांचे असतात. ज्या गोष्टी जोला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, इतक्या वर्षांत ऐकाव्याशा वाटल्या नाहीत, त्या आपण तिकीट काढून, कान देऊन ऐकत असतो, आणि त्यामुळे नकळत जोच्या विरुद्ध पक्षात जाऊन बसतो.

दुसरे साधन विनोदाचे आहे. मुलाच्या शाळेतील नाताळच्या नाटकाची गोष्ट पाहा. येशूच्या जन्माच्या कथेतील जोसेफ, म्हणजे मेरीचा नवरा, झालेला तिचा छोटा ब्रायन धर्मशाळेच्या दारात येतो, जागा नाही असे सांगितल्यावर ठरलेल्या संवादाप्रमाणे निमूट माघारी वळण्याऐवजी, आपण जागा आधीच राखून ठेवली होती असा वाद घालू लागतो आणि नाटकाचा पार बोजवारा उडतो. ज्या बाईच्या गोष्टीला आपण असे खळखळून हसलो, तिच्याशी परके राहणे कठीण असते. शिवाय शर्ली गोष्टीतील प्रत्येकाची नक्कल करते, त्यामुळे एवढी चतुर, एवढी निरीक्षणशक्ती असलेली स्त्री आयुष्यभर चिप्स तळत राहिली, हा हिशेब प्रेक्षक स्वतःच मांडतो. माझ्या मते या नाटकातील सहानुभूतीचा खरा पाया हाच आहे. शर्ली दुःखी आहे यापेक्षा तिच्यातले गुण कधी वापरलेच गेले नाहीत, हे आपल्याला अधिक बोचते.

शर्लीच्या स्वतःच्या शाळेतील मुख्याध्यापिकेचा प्रसंग याच दृष्टीने बारकाईने वाचावा. मानवाचा सर्वांत मोठा शोध कोणता, या प्रश्नाचे उत्तर शर्लीला वडिलांकडून माहीत असते. ती कधीची हात वर करून उभी असते, पण तिला विचारले जाते ते इतर मुलींची उत्तरे चुकल्यावर. ती ‘चाक’ असे बरोबर उत्तर देते आणि शाबासकीऐवजी, हे तुला नक्की कोणीतरी सांगितले असणार, असा शेरा तिच्या पदरी पडतो. शर्ली हा प्रसंग गमतीने सांगून पुढे जाते, तिच्यावर अन्याय झाला हे वाक्य मात्र ती आपल्यासाठी रिकामे ठेवते. पात्राने न उच्चारलेला निष्कर्ष प्रेक्षकाने स्वतः काढला, की तो त्याचे समर्थनही स्वतःच करू लागतो.

आणि या सगळ्या काळात तिचे हात थांबलेले नसतात. गुरुवारच्या रात्री जोला ठरलेले मांस लागते, ते तर शर्लीने एका शाकाहारी जोडप्याच्या, मालकांबरोबर शाकाहारी करून टाकलेल्या कुत्र्याला दया येऊन घातलेले असते. जो घरी येण्याची वेळ जवळ येते, कढईत चिप्स तळल्या जातात आणि एका साध्या जेवणाभोवती चांगलाच ताण निर्माण होतो. मात्र प्रत्यक्ष भांडण रंगमंचावर होत नाही. जोने ती बशी तिच्या अंगावर ढकलून दिली, हे आपल्याला पुढच्या प्रवेशात, तीन आठवड्यांनंतर, प्रवासाच्या तयारीत असलेली शर्ली सांगते. तो प्रसंग दाखवला असता तर आपले लक्ष जोच्या रागाकडे गेले असते. सांगितल्यामुळे ते तिच्या निर्णयावर खिळून राहते.

तिच्या नावाचाही असाच उपयोग केला आहे. लग्नानंतर ती शर्ली ब्रॅडशॉ झाली. माहेरच्या शर्ली व्हॅलेंटाइनविषयी ती कोणा दुसऱ्या, हरवलेल्या मुलीविषयी बोलावे तशी बोलते. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलण्याची रीत होती, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न : जो रंगमंचावर येतच नाही. त्याला बाजू मांडण्याची संधी न देता मिळवलेली सहानुभूती एकतर्फी नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एकतर्फी आहेच, आणि एकपात्री नाटकाला त्यातून सुटका नाही. रसेल यांनी त्यावर उतारा शर्लीच्याच तोंडी घातला आहे. पूर्वीचा जो कसा हसरा होता, स्वयंपाकघर रंगवताना दोघांनी एकमेकांवर रंग कसा उडवला, हे ती मनापासून सांगते आणि आपल्या आयुष्याच्या नासाडीचे सगळे माप त्याच्या पदरात टाकत नाही. जी फिर्यादी स्वतःहून आरोपीच्या बाजूचा पुरावा देते, तिच्यावर आपला विश्वास बसतो. लुईस गिल्बर्ट यांच्या १९८९च्या चित्रपटात जो प्रत्यक्ष दिसतो, बर्नार्ड हिल यांचा थकलेला, गोंधळलेला चेहरा समोर येतो आणि थोडी सहानुभूती त्याच्याकडेही वळते. शर्ली तेथे कॅमेऱ्याकडे पाहून बोलते, पण भिंतीशी बोलण्यातला एकटेपणा त्यात राहिलेला नाही, असे मला वाटते.

नवऱ्याला पूर्ण बोलू देऊनही हे साधता येते. इब्सेन यांच्या १८७९ सालच्या ‘अ डॉल्स हाउस’मध्ये (मराठीत अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ या नावाने त्याचे रूपांतर केले) नायिका नोराचा नवरा हेल्मर बहुतेक महत्त्वाच्या प्रसंगी उपस्थित असतो. नोराने त्याच्या आजारपणात गुपचूप कर्ज काढलेले असते. प्रेक्षकाला ते पहिल्याच अंकात कळते, त्याला कळत नाही. तो तिला लाडाने चिमणी, खार म्हणत उधळपट्टीवर प्रवचन देतो, तेव्हा ती पै पै वाचवून त्याच्याच औषधपाण्याचे कर्ज फेडत आहे, हे आपल्याला थोड्याच वेळात कळते. नोरा खोटे बोलते, त्याने मना केलेली बिस्किटे लपवून खाते, बढायाही मारते. परंतु तिचे गुपित सांभाळणाऱ्यांत आपणही सामील झालेलो असल्याने ते खोटेपण आपण तिच्या खात्यावर मांडत नाही.

प्रश्न : आमची हौशी संस्था हे नाटक मराठीत करू इच्छिते. रंगमंचावर खरोखर स्वयंपाक करणे आवश्यक आहे का? (एक रंगकर्मी, नाशिक)

उत्तर : सर्वप्रथम रूपांतराची लेखी परवानगी घ्यावी. नाट्यगृहात आगीला मनाई असल्यास तळणे सोडून द्यावे, पण बटाटे खरे असावेत आणि ते खरोखर सोलले, चिरले जावेत. कोणत्या वाक्यापर्यंत किती बटाटे संपायचे हे तालमीत बांधून घ्या, म्हणजे सवयीचे हात आणि भरकटणारे मन यांतील अंतर आपोआप दिसेल. अभिनेत्रीने रडू नये. निदान पहिल्या अंकात तरी मुळीच नाही. पन्नाशीजवळच्या अनुभवी अभिनेत्रीला ही भूमिका द्यायला बिचकू नका, १९८८ साली लंडनमध्ये आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ती गाजवणाऱ्या पॉलिन कॉलिन्सही तेव्हा शर्लीपेक्षा थोड्या मोठ्याच होत्या.

भिंत कोठे आहे, हे मात्र पहिल्या तालमीलाच ठरवा. ती सरळ प्रेक्षकांच्या जागी कल्पिली, तर काही मिनिटांतच विनोदी कथाकथनाचा कार्यक्रम सुरू झाल्यासारखे वाटू लागते. सुरुवातीला तिने बाजूच्या खऱ्या भिंतीशी बोलावे आणि आठवणी रंगू लागतील तसा चेहरा हळूहळू प्रेक्षागृहाकडे वळवावा. दुसऱ्या अंकात ग्रीसच्या किनाऱ्यावर तिची श्रोती भिंत नसून एक खडक असतो. तो मंचाच्या मधोमध, तिला टेकून बसता येईल असा ठेवा.