हमालाच्या हातात स्विच द्यायचा काय?

प्रश्न : होनग्याजवळ हायवेला लागून आमचं गोडाऊनचं बांधकाम चालू आहे, भाड्यानं घेणारी पार्टी म्हणते लीडचं, म्हणजे पर्यावरणाला धरून बांधलेल्या इमारतीचं, सर्टिफिकेट पाहिजे. कन्सल्टंटनं लिहून दिलंय की ९० टक्के जागांवर माणसाला आपापला लाईट कमी-जास्त करता आला पाहिजे. आता हमाल, फोर्कलिफ्टवाले धरून पस्तीस-चाळीस माणसं, प्रत्येकाला स्विच कुठून देऊ? इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळीकडं सेन्सर मारू, विषय संपला. शिवाय छपरात फायबरचे पत्रे आहेत, दिवसा लाईट लागतच नाही.
– एक वाचक, होनगा

उत्तर : सेन्सर लावा, जरूर लावा, रॅकच्या गल्लीत माणूस नसताना हायबे, म्हणजे उंच छपराचा मोठा दिवा, जळत ठेवायचा म्हणजे बिल उगाच भरायचं. पण तो पॉइंट वेगळा. सेन्सर स्वतःच्या मनानं चालतो, आणि इथं माणसाच्या मनाचं विचारलंय.

आता माणसं मोजू नका, जागा मोजा. जिथं एक माणूस ठरलेल्या ठिकाणी बसून नाहीतर उभं राहून आपलं काम करतो, त्या जागा. डिस्पॅचचं टेबल, बिलिंग, पॅकिंगची टेबलं, गेटवरचा क्लार्क. समजा अशा १२ निघाल्या, तर ९० टक्के म्हणजे १०.८, म्हणजे ११ जागांवर सोय पाहिजे. गल्ल्यांतून फिरणाऱ्या हमालाची अशी ठरलेली जागाच नाही, त्याला स्विच कुठं देणार! पण म्हणून "अख्खं गोडाऊनच सोडून द्या" असं कोण म्हणालं तर ऐकू नका हां, महिनोन्महिने नुसता माल पडून असतो तो भाग वेगळा आणि रोज माल चढवतात-उतरवतात ती जागा वेगळी, दुसरी ही माणसांच्या वापरातलीच धरतात. नकाशावर दोन्ही वेगळ्या रंगात दाखवून घ्या.

लीडच्या व्हर्जन ४ मध्ये त्या ११ जागांना तीन पायऱ्या मागतात, चालू, बंद आणि मधली, मधली म्हणजे पूर्ण उजेडाच्या ३० ते ७० टक्के. ह्याला महागडी सिस्टीम लागतेच असं नाही. एका टेबलावर सारख्या ताकदीच्या चार ट्यूब असल्या आणि दोन-दोन वेगळ्या स्विचवर घेतल्या की झाली मधली पायरी, ५० टक्के. नाहीतर डिमरचा टेबल लॅम्प. मात्र तुमचे फायबरचे पत्रे ह्या हिशेबात येत नाहीत, मधली पायरी मोजताना बाहेरचा उजेड धरायचा नसतो. पत्रे चांगलेच आहेत, फक्त इथं कामाचे नाहीत.

मीटिंगची खोली असेल तर तिथं झोन, म्हणजे दिव्यांचे वेगवेगळे गट, पाडावे लागतात, प्रोजेक्टरच्या पडद्यावरचे दिवे वेगळे, स्विच त्याच खोलीत, आणि दाबणाऱ्याला तो दिवा समोर दिसला पाहिजे. आपल्याकडं सगळे स्विच मालकाच्या केबिनमध्ये आणि केबिनला कुलूप ही जुनी खोड आहे, मी स्वतः एका गोडाऊनात किल्ली येईपर्यंत मोबाईलच्या टॉर्चवर वजनकाट्याची पावती वाचलीय.

एक घाईचं काम. डिमिंग करायचं असेल तर एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला करंट पुरवणारा डबा, डिमेबल आहे का ते ऑर्डर देण्याआधीच बघा, आणि त्याची कंट्रोल वायर आत्ताच पाइपातून ओढून घ्या, प्लास्टर झाल्यावर भिंत फोडायची म्हणजे डबल खर्च.