बार्शी लाईट अंगणात आणा, पण पोस्टातली स्कीम मोडून नको

प्रश्न : वय ६१, पंढरपूर. जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन सव्वा वर्ष झालं. पेन्शन ४१ हजार, घरखर्च औषधपाण्यासह ३४ हजार. पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये १५ लाख (१४ महिन्यांपूर्वी, ८.२ टक्क्यांनी), बँकेत ५ लाखांची एफडी, बचत खात्यात १ लाख ८० हजार. दोघांचा मिळून ५ लाखांचा आरोग्य विमा. कर्ज नाही, मुलगी सासरी. लहानपण कुर्डुवाडीला, बार्शी लाईट या छोट्या रेल्वेच्या नॅरोगेज (अरुंद) रुळांकडेला गेलं. घराच्या बाजूला ३० बाय १४ फूट मोकळी जागा आहे, तिथे बागेतली मॉडेल रेल्वे करायची आहे. परदेशी वेबसाइट बघून हिशेब काढला : खरोखर वाफेवर चालणारं इंजिन १ लाख ६० हजार, तीन डबे ७५ हजार, रूळ आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) ६५ हजार, जमिनीचं नि बागेचं काम ६० हजार, किरकोळ ५० हजार. एकूण ४ लाख १० हजार. त्यासाठी पोस्टातली स्कीम मोडावी का? सौ. म्हणते, हा पोरखेळ आहे.

उत्तर : रेल्वे करा, स्कीम मोडू नका, आणि इंजिन सगळ्यात शेवटी घ्या. तुमचा हिशेब नेमका उलट्या टोकाने सुरू झालाय.

आधी स्कीमचं बघू. त्यातून चारच लाख काढता येत नाहीत. मुदतीआधी बंद करायचं तर अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झालं पण दोन व्हायची आहेत, अशा खात्यावर मुद्दलाच्या दीड टक्का कपात होते. १५ लाखांवर २२,५०० रुपये. पहिला रूळ पडायच्या आत एवढे गेले. उरलेले पैसे पुन्हा ठेवाल तेव्हा त्या दिवशीचा दर मिळेल, तो ८.२ असेलच असं नाही. दर तिमाहीला येणारे ३०,७५० हे तुमच्या पेन्शनचं दुसरं चाक आहे, त्याला हात लावायचं कारण नाही.

कारण नाही, कारण गरजच नाही. पेन्शन ४१ हजार, त्यात व्याजाचे महिन्याला सरासरी १०,२५० मिळवा, ३४ हजार खर्च वजा करा : महिन्याकाठी १७,२५० उरतात. सगळं उत्पन्न धरून तुम्ही वर्षाला साडेसहा लाखांच्या आसपास आहात, त्यामुळे नव्या करप्रणालीत आयकराचा प्रश्न येत नाही. यातले ९ हजार दरमहा रेल्वेच्या नावाने वेगळ्या आरडीत टाका, बाकीचे घरासाठी राहू द्या. ५ लाखांची एफडी म्हणजे दवाखाना. साठीनंतर दोघांत ५ लाखांचा विमा तोकडा पडू शकतो, ती दरी ही एफडी भरणार आहे. तिच्याकडे रेल्वेच्या नजरेने बघूच नका. सुरुवातीच्या कामाला बचत खात्यातले २५ हजार पुरतात.

आता तुमचे ४ लाख १० हजार. हौसेला मोल नाही म्हणतात. मोल असतं, फक्त ते कस्टमवाला सांगतो. तुम्ही परदेशी किंमत रुपयांत बदलली आणि तिथेच थांबलात. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. ते वस्तूच्या किमतीवर नाही, तर किंमत अधिक वाहतूक अधिक विमा अशा बेरजेवर लागतं. जीएसटी त्या सगळ्याच्या वर. तुमचा परदेशी माल ३ लाखांचा. वाहतूक-विम्याचे २० हजार धरले तर ३ लाख २० हजारांवर शुल्कच २ लाख २४ हजार. स्थानिक कामाचे १ लाख १० हजार मिळवल्यावर जीएसटी धरायच्या आधीच आकडा साडेसहा लाखांवर जातो. वैयक्तिक वापराचं पार्सल म्हणून गणलं गेलं तर दर बराच कमी बसू शकतो, पण ते ठरवणार अधिकारी. अंदाजपत्रक वाईट दराने करायचं. कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क वेगळंच.

यातून एक सोपा नियम निघतो : बाहेरून फक्त तेवढंच आणा, जे इथे बनत नाही. म्हणजे रूळ, सांधे, चाकं आणि पुढेमागे इंजिन. डबे नाहीत.

डब्यांचं तर वेगळंच गणित आहे. बाजारात तयार मिळणारी बागेतली रेल्वे बहुतेक ४५ मिमी गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). एलजीबी या ब्रँडने १९६८ मध्ये जर्मनीत ती रूढ केली, प्रमाण १:२२.५, आणि नमुने प्रामुख्याने युरोपातल्या मीटरगेज गाड्यांचे. पंच्याहत्तर हजारांत तुमच्या अंगणात स्वित्झर्लंड येईल, कुर्डुवाडी नाही. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनिअरने सुरू केलेली बार्शी लाईट अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिमी. ती ३२ मिमी रुळावर आणायची तर प्रमाण १:२४ बसतं (३२ × २४ = ७६८, सहा मिमीची चूक कोणाला दिसत नाही). ४५ मिमीवर आणायची तर १:१७ लागतं. समजा खरा डबा ३० फुटी. १:२४ ला तो ३८ सेंमी होतो, १:१७ ला ५४. तुमच्या जागेत ३८ वालाच शोभेल. शिवाय १:२४ च्या मोटारी खेळण्यांच्या दुकानात सहज मिळतात, फाटकापाशी एक जीप उभी करता येते. म्हणून ३२ मिमी. हा निर्णय एकदाच होतो. नंतर गेज बदलायचं म्हणजे रूळ, सांधे, चाकं सगळं पुन्हा.

कॅलथ्रॉपचा एक शहाणपणा इथे थेट कामाला येतो. त्याने डबे-वाघिणी एकसारख्या चौकटींवर बांधल्या. तुम्हीही एकच चौकट ठरवा, तिचा लाकडी साचा करा आणि वर तिसरा वर्ग, गार्डचा डबा, मालाची वाघीण जे हवं ते चढवा. ३ मिमीचा सनबोर्ड (पीव्हीसी फोमची शीट) साइनबोर्डवाल्याकडे मिळतो. सीएनसी राउटरवर (लेझरवर नको, पीव्हीसीचा विषारी धूर होतो) खिडक्या कापून घेतल्या की डबा एका रविवारात उभा राहतो. चाकं मात्र धातूची घ्या. प्लास्टिकच्या चाकांचा डबा हलका होतो आणि वळणावर उडतो.

आखणी अशी धरा : दोन्ही टोकांना १.२ मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं, मध्ये पाच-पाच मीटरच्या दोन सरळ बाजू. लांबी साडेसतरा मीटर, जागा सुमारे २४ बाय ८ फूट, भोवती चालायला वाट उरते. लवचीक रूळ ९१४ मिमीच्या तुकड्यांत येतो. फेरीला २०, बाजूच्या लाइनीला ३, कापाकापीला १, असे २४ तुकडे आणि दोन सांधे. वळण याहून आवळू नका. बार्शीचं सुरुवातीचं, किटसन कंपनीचं इंजिन आठ जोडचाकांचं (दांड्यांनी एकमेकांना जोडलेल्या चाकांचं) होतं. तसलं काही बनवायचं स्वप्न असेल तर १.२ मीटरसुद्धा त्याला जड जाईल. पहिलं इंजिन चार किंवा सहा चाकांचंच.

आता जमीन. खरा खर्च आणि खरी डोकेदुखी इथे आहे, आणि तुमच्या यादीत ती एका ओळीत आटोपलीय. तुमच्याकडची माती काळी असणार. ती पावसात फुगते, एप्रिलमध्ये भेगाळते. तिच्यावर नुसती खडी पसरून रूळ टाकले तर पहिल्या पावसाळ्यानंतर एक रूळ वर, एक खाली, आणि गाडी प्रत्येक फेरीला त्याच जागी घसरते. फूटभर रुंद, १४ इंच खोल चर खणा. एवढ्या लांबीला सुमारे ६५ घनफूट होतात, दबाईची घट धरून एक ब्रास (१०० घनफूट) मुरूम मागवा. चार-चार इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. एकदम भरून वरून ठोकलेला मुरूम जूनमध्ये बसतो. त्यावर ८ इंच रुंद, ३ इंच जाड १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटची पट्टी. सिमेंटची दोन पोती पुरतात. दर दोन मीटरला पट्टीत फट सोडा, नाहीतर माती स्वतःच्या मर्जीने ती फोडेल.

एक चूक हमखास होते. काळ्या मातीतला मुरमाचा चर म्हणजे पाणी साठवणारा पाट. माती पाणी जिरू देत नाही, मुरूम धरून ठेवतो. चराच्या तळाला एकीकडे उतार द्या आणि खालच्या टोकाला दोन इंची पाइप बाहेर काढा. रूळ मात्र पूर्ण सपाटीत. मध्येच चढ घेऊन स्टेशन दीड फूट उंच करायचा मोह होईल. ४० ला १ चढ धरला तरी दीड फुटाला १८ मीटर लागतात, आणि तुमची अख्खी फेरीच साडेसतरा मीटर आहे. गुडघ्यांसाठी ठेंगणं स्टूल घ्या.

रूळ काँक्रीटला पक्के आवळू नका. सावलीत नसलेला रूळ जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी यांत ५० अंशांचा फरक बघतो. एका तुकड्याची लांबी त्यात पाऊण ते एक मिमी वाढते. थंडीत टाकताना जोडात एक मिमी फट ठेवा, उन्हाळ्यात टाकताना फट जवळजवळ नको. फट न ठेवलेला रूळ मेमध्ये सापासारखा वळतो. भोवती क्रशरची बारीक कच, ३ ते ६ मिमीची, कोनेरी. नदीची वाळू नको; ती गिअरमध्ये शिरते आणि गोल असल्याने स्लीपर धरत नाही.

वीज रुळांतून देऊ नका. आपल्या हवेत रुळाचा माथा काळवंडतो आणि दर वेळी पुसत बसावं लागतं. इंजिनात लिथियमच्या चार सेलची बॅटरी आणि रेडिओ कंट्रोल बसवा. सेल आणि त्यांचं संरक्षक सर्किट इथेच घ्या, कारण लिथियम बॅटऱ्यांवर हवाई टपालाला निर्बंध आहेत. वाफेच्या इंजिनाला लागणारा ब्युटेन गॅसही टपालाने येत नाही, त्याचा पुरवठा इथे आधी शोधावा लागेल. म्हणून वाफ दोन वर्षांनी. तोवर आरडीत २ लाख १६ हजार आणि वर व्याज जमलेलं असेल, त्यातले काही रुळांना गेलेले असतील, आणि उरलेल्यात किती झेपतं ते दिसेल.

पुन्हा विकून पैसे निघतील या भरवशावर यातलं काहीच घेऊ नका. इथे घेणारे मोजके, भाव तेच ठरवतात. हिशेबात विक्रीची किंमत शून्य धरा. तरीही एका वहीत प्रत्येक वस्तू, किंमत आणि पावती लिहून ठेवा, म्हणजे वहिनींना कधी ते आवरायची वेळ आली तर भंगारवाल्याच्या हाती जाणार नाही.

त्यांच्या ‘पोरखेळा’बद्दल : पैशाच्या बाजूने त्यांची काळजी वरच्या मांडणीत संपावी. पण कुरडया-पापडांचं वाळवण त्याच जागेत होत असेल, तर चर खणायच्या आधी उन्हाळ्याची ती जागा त्यांच्याकडून आखून घ्या. फेरीच्या मधला भाग त्यासाठी मोकळा ठेवता येतो, फक्त झाडं तिथे लावायची नाहीत.

क्रम असा. मेमध्ये चर, मुरूम, पट्टी. मजुरीसह १५ ते २० हजारांत बसावं. रुळाचे दोनच तुकडे मागवा आणि सगळ्यात ओलसर कोपऱ्यात टाका. बाकी पट्टी उघडी राहू द्या, एक पावसाळा रेल्वेविना जाऊ द्या. ऑक्टोबरात गवंड्याची लेव्हल पाइप लावून दर दोन मीटरला उंची मोजा. मेच्या मापात ५ मिमीच्या आत फरक असेल तर उरलेले २२ तुकडे नि सांधे मागवा, कचीने तेवढं सावरता येतं. जास्त असेल तर आधी पाण्याची वाट शोधा. मापं मेमध्येच लिहून ठेवायला विसरू नका, नाहीतर ऑक्टोबरात तुलना कशाशी करणार?