सिस्टरनं एमबीए करावं का?

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंग केलंय. सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात ९ वर्षं नोकरी, त्यातली ३ आयसीयूची इन्चार्ज म्हणून. हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायचं मनात आहे. मुलगी दुसरीत आहे. नवरा म्हणतो, घरबसल्या होतंय ते कर. शिवाय गणिताशी माझं जुनं वाकडं. जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घरबसल्याचं नंतर बघू. आधी तुमच्याकडचा एखादा डिस्चार्ज आठवा. सकाळी १० च्या राउंडला डॉक्टर म्हणतात, "आज सोडा." नातेवाईक पिशव्या भरून बसतात. पेशंट घरी जातो संध्याकाळी ६ ला. मधले ८ तास समरी टाइप होण्यात, उरलेली औषधं फार्मसीत परत जाण्यात, बिल फायनल होण्यात आणि टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीनं दावे तपासणाऱ्या संस्थेच्या) उत्तराची वाट बघण्यात जातात. बोलणी मात्र सिस्टरनं खायची! कॅशलेसची अंतिम मंजुरी ३ तासांत द्या, असं विमा नियामकानं २०२४ मध्ये बजावलंय. पण ते घड्याळ हॉस्पिटलनं विनंती धाडल्यावर सुरू होतं. विनंतीच ३ वाजता गेली तर?

हे ८ तास उकलायला शिकणं म्हणजे हा कोर्स. मी मूळची फिजिओथेरपिस्ट. याच कोर्सच्या इंटर्नशिपचे पहिले पंधरा दिवस वही घेऊन बिलिंगच्या खिडकीशी उभी होते. कळलं काय, तर वॉर्डातल्या फाइली खाली न्यायला मावशी दोनदाच जायच्या, १२ ला आणि ४ ला. बाराची फेरी हुकली की पेशंट अडकलाच. तिकडे महागड्या सॉफ्टवेअरच्या बैठका चालू होत्या. मी दुपारी २ ची तिसरी फेरी सुचवली. (फेरी सुरू झाली, सॉफ्टवेअरही घेतलंच. असो.)

ही खिडकी घरबसल्या मिळत नाही, म्हणून माझं मत पूर्णवेळ कोर्सकडे झुकतं. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, पुण्यात सिम्बायोसिस आहे (तिथे स्नॅप परीक्षा द्यावी लागते), जयपूरची आयआयएचएमआर तर १९८४ पासूनची. पदवीवर एमएचए (हॉस्पिटल प्रशासनातली मास्टर्स) लिहिलंय की एमबीए, यात फार अडकू नका. इंटर्नशिप किती आठवडे आणि कुठे, हे मात्र खोदून विचारा, तेही शेवटच्या वर्षाच्या मुलांना. माहितीपत्रकात सगळंच छान असतं.

पण मुलगी दुसरीत, घर सांगलीत. दोन वर्षं बाहेर राहणं अशक्यच असेल तर दूरशिक्षण घ्या, फक्त एका अटीवर. तुमच्या मेडिकल डायरेक्टरांकडून आठवड्यातला एक दिवस क्वालिटी विभागात किंवा बिलिंगला बसायची परवानगी आधी लेखी घ्या. एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मानांकनाची) तयारी चालू असेल तर उत्तमच, तिथे जाणत्या सिस्टर हव्याच असतात. परवानगी मिळत नसेल तर फीचे पैसे सध्या बँकेतच राहू द्या.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या मैत्रिणींनाही सांगा, डिप्लोमावर मास्टर्सला प्रवेश मिळत नाही. आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी.सारखी एखादी पदवी घ्यावी लागेल.

राहिलं गणित. ५०० मिलीची बाटली ४ तासांत चढवायची, मिलीला २० थेंबांचा सेट, मिनिटाला किती थेंब? बेचाळीसच्या आसपास, हे तुम्ही रात्री २ वाजता, शेजारी मॉनिटर ओरडत असताना काढता. बेड ऑक्युपन्सी म्हणजे भरलेल्या खाटा भागिले एकूण खाटा, गुणिले शंभर. तेही एसीत बसून.