सोर्च निक लिओधास म्हणजे कोण?

प्रश्न : ताई, अमेरिकेहून येताना लेकीने स्कॉटिश लोककथांचं एक जुनं पुस्तक आणलं. लेखिका सोर्च निक लिओधास. नेटवर पाहिलं तर बाई अमेरिकन आणि खरं नाव लेक्लेअर अल्जर! मग या गोष्टी अस्सल मानायच्या का? पाच वर्षांच्या नातवाला यातली कोणती सांगू? – एक आजी, सांगली

उत्तर : आजी, आधी तो 'धास' सोडा. गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत, तिथला 'ध' मुका असतो. 'लिओस'च्या जवळपास म्हणा. नाव टोपण आहे, पण उसनं नाही. 'सोर्च' हे लेक्लेअरमधल्या 'क्लेअर'चं गेलिक रूप, आणि 'निक' म्हणजे अमक्याची लेक. बाईंचा जन्म 1898 मधला, ओहायोतला. घराणं मात्र स्कॉटिश, आणि गोष्टी घरातच कानावर पडलेल्या. नोकरी पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात, मुलांच्या विभागात. (ज्याच्या नावाचं हे ग्रंथालय, तो कार्नेगीही मूळचा स्कॉटलंडचाच, डनफर्मलिनच्या विणकराचा मुलगा.) ही काही संशोधकाची टिपणं नव्हेत, बाईंनी गोष्टी मुलांसाठी नव्याने सांगितल्या आहेत. मी 22 वर्षं बालविभाग सांभाळला. पोरांसमोर बसून गोष्ट सांगितलेल्या बाईची वाक्यं मला लगेच ओळखू येतात. मला त्या अस्सलच वाटतात.

1963 मध्ये न्यूबेरी सन्मान (अमेरिकेतला बालसाहित्याचा गौरव) मिळालेल्या त्यांच्या संग्रहात चोरलेल्या बाळाची गोष्ट आहे. 'शी' म्हणजे तिकडचे यक्ष म्हणा, बाळ पळवतात. त्यांना स्वतःला काहीच घडवता येत नाही, सुंदर वस्तूंचा लोभ मात्र भारी. मग आई खडकांवरून पक्ष्यांची मऊ पिसं वेचून शुभ्र झगा करते, हाडाच्या वीणेला स्वतःच्या सोनेरी केसांच्या तारा लावते. झग्याच्या बदल्यात आत प्रवेश, वीणेच्या बदल्यात बाळ!

पण पाच वर्षांच्या नातवाला ही नको. त्याला लॅकी मॅक्लॅक्लनची सांगा. घरात बायको, दहा पोरं, तरी येईल त्या वाटसरूला हा आत ओढतो. शेवटी घरच फुटतं, मग सगळे मिळून मोठं बांधतात. आपल्या चिमणीने कावळ्याला दाराबाहेर किती ताटकळत ठेवलं होतं! लॅकीच्या गोष्टीचं वेगळं चित्रपुस्तक आहे, 'ऑलवेज रूम फॉर वन मोअर'. त्यातल्या चित्रांसाठी नॉनी होग्रोगियन यांना 1966 चं कॅल्डेकॉट पदक, म्हणजे अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा मोठा पुरस्कार, मिळालं.

बाळाची गोष्ट दोन-तीन वर्षांनी काढा, आणि काढाल तेव्हा एका बैठकीत संपवा. एकदा वेळ झाली म्हणून मी वीणेपाशी थांबले. दुसऱ्या दिवशी कुलूप काढायला गेले, तर दोन मुली माझ्याआधी पायरीवर.