लेगोच्या रेट्रो रेडिओवर खरी स्टेशनं लागतात का?

नाही, लागत नाहीत. लेगो ही प्लास्टिकच्या विटा जोडायच्या खेळण्यांची कंपनी; तिच्या २०२४ च्या रेट्रो रेडिओत (संच क्रमांक १०३३४, तुकडे ९०६) लहरी पकडणारा रिसीव्हरच नाही. जोडताना आतली रचना दिसतेच: ट्यूनिंगचं बटण फिरवलं की काटा स्टेशनांच्या पट्टीवर सरकतो, पण ती हालचाल निव्वळ यांत्रिक आहे. अँटेनाही दिखाव्याची. आवाज येतो तो बॅटरीवर चालणाऱ्या एका छोट्या ध्वनी-विटेतून, म्हणजे आवाज काढणाऱ्या लेगोच्या विटेतून. तिच्यात आधीच भरलेले, जुन्या रेडिओची आठवण करून देणारे आवाजाचे तुकडेच वाजतात. त्यात आपलं गाणं भरता येत नाही.

मात्र मागचं झाकण निघतं आणि आत फोन ठेवायची जागा आहे. फोनवर इंटरनेट रेडिओचं ॲप लावलंत तर खरं स्टेशन त्या खोक्यातून ऐकू येईल, आणि माझ्या मते या मॉडेलची खरी मजा तिथेच आहे. फक्त आवाज फोनच्याच स्पीकरचा असतो. मॉडेल तो मोठा करत नाही, आणि पुढच्या बटणाने फोनचा आवाज कमी-जास्त होत नाही. फोन मोठा असेल किंवा जाड कव्हरमध्ये असेल तर घेण्याआधी माप नक्की बघा.

लेगोच्या २०२० च्या ग्रँड पियानोचंही असंच आहे. मोटर पट्ट्या हलवते, सूर मात्र फोनच्या ॲपमधून येतात. म्हणून चालू रेडिओ हवा असेल तर हा घेऊ नका. जोडायचा आनंद आणि कपाटावर शोभणारी जुन्या वळणाची वस्तू हवी असेल तर जरूर घ्या.